शेवटच्या ओळीचा मलिदा

काहीही दुखत नसताना दवाखान्याच्या रांगेत बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. इस्रायलमधल्या येरुहामच्या आमच्या दवाखान्यात सकाळी गेल्यावर नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि बाकावर बसून राहायचं अशी पद्धत होती. हा माणूस रीतसर चिठ्ठी घ्यायचा, बाकाच्या मधोमध बसायचा, आणि नंबर जवळ आला की शेजारच्या एखाद्या कण्हणाऱ्या बाईच्या हातात आपली चिठ्ठी ठेवून स्वतः नवी घ्यायला उठायचा. एकदा नर्सने त्यांना गाठलंच. तिने हिब्रूत विचारलं, "आजोबा, तुम्हाला नेमकं काय होतंय?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "अजून काही झालेलं नाही. त्याचीच वाट बघतोय."

ते कवितेची वाट बघत होते. नर्सला बिचारीला हे कळणं शक्य नव्हतं. मला तरी कुठे कळलं होतं सुरुवातीला?

मी ठाण्याहून लग्न होऊन येरुहामला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. चार मजली इमारती, जिन्यात कायम थोडी वाळू, आणि बेरशेव्याला जाणारी बस हाच काय तो करमणुकीचा विषय. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर हे जोडपं राहायचं. फार वर्षांपूर्वी कोकणातल्या गावातून मुंबईला आणि मुंबईहून इथे आलेलं. सगळी वस्ती त्यांना 'पोएट काका' म्हणायची. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांची भाषा येत नव्हती आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांची कविता ऐकायची नव्हती. मला ते पहिल्या दिवसापासून 'सूनबाई' म्हणायचे. इमारतीत नवीन सून आली म्हणजे ती सगळ्या इमारतीची, असा त्यांचा हिशेब असावा.

बाटल्यांच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा कळलं की काकाही तिथेच. मी पॅकिंगला होते. ते एका दिव्यासमोर बसून पुढून सरकत जाणाऱ्या बाटल्यांमधून तडा गेलेल्या बाजूला काढायचे. काम चोख करायचे, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार एवढीच की अधूनमधून ते एखादी धडधाकट बाटलीही बाजूला काढून ठेवायचे. फोरमनने विचारलं, हिला काय झालंय? तर म्हणायचे, "हिला काही नाही झालं. मला झालंय. परत फिरवून दाखव." फोरमन डोक्याला हात लावून निघून जायचा. असल्या बाटल्या शेवटी ते विकत घेऊन घरी न्यायचे आणि काकी त्यांत तिखट भरून ठेवायच्या.

काका कविता कागदावर लिहीत नसत. "कागदावर ठेवली की ती माझ्याकडे बघायची बंद होते," असं त्यांचं म्हणणं. सगळ्या कविता तोंडी. आणि कवितेबद्दल त्यांचा एकच नियम होता, तो मात्र लोखंडी. आज पाहिलं नाही ते आज करायचं नाही. आठवणीतलं चालणार नाही, ऐकीव चालणार नाही, पुस्तकातलं तर नाहीच नाही. चंद्राला हात लावायचा नाही, कारण तो सगळ्यांचाच आहे. विजेच्या खांबाची सावली घ्या. उन्हाळ्यात आमच्या बसस्टॉपवर माणसं खांबाच्या त्या बारीक सावलीत एकामागे एक उभी राहायची, सावली सरकली की सगळी रांग न बोलता सरकायची. मी ते रोज बघत होते आणि रोज घामाने वैतागत होते. काकांनी त्यावर कविता केली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की आम्ही सगळे मिळून दिवसभर एका खांबाभोवती फिरतो आहोत.

बेरशेव्याला आपल्या मराठी ज्यू लोकांचा एक कार्यक्रम होता, त्यात काकांना बोलावलं होतं. हॉल भरलेला, पहिल्या रांगेत म्हाताऱ्या बायका रुमाल काढून तयार. सगळ्यांना कोकण हवं होतं. समुद्र, नारळ, गावची विहीर. काकांनी खांबाची सावली म्हटली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांखाली राहणारी मांजर म्हटली. रुमाल तसेच घडी करून परत गेले. शेवटी कार्यक्रम चालवणारे गृहस्थ माइकवर म्हणाले, "काका, एक तरी समुद्रावर होऊन जाऊ द्या की."

"समुद्र इथून लांब आहे," काका म्हणाले. "दोन बस बदलाव्या लागतात."

"मग नारळावर?"

"नारळ मी बाजारातून विकत आणतो. विकत आणलेल्याची कविता होत नाही, मलिदा होतो."

गृहस्थांनी हसून सावरून घेतलं आणि विचारलं की मग आपल्याला प्रेरणा मिळते तरी कुठून. काका म्हणाले, "बसस्टॉपवर. बस वेळेवर आली तर लहान मिळते, उशिरा आली तर मोठी." परत येताना बस खरोखरच उशिरा आली आणि काकी मला म्हणाल्या, "आता झालं. उद्या मला नारळ खोवायला बसवणार हे."

हे नारळ खोवण्याचं प्रकरण नीट सांगायला हवं. आमच्यात नवस पुरा झाला की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे भिजवून त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची घालायची, परातीत रचून वर फळं ठेवायची, शेजारीपाजारी बोलवायचे, हन्नाबीचं गाणं म्हणायचं आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. मूल झालं, घर झालं, आजारातून उठलं की मलिदा. काकांची तऱ्हा अशी की ते प्रत्येक कवितेआधी नवस बोलायचे आणि कविता पुरी झाली की मलिदा करायचे. प्रार्थना चालवायला येणारे हज्जान काका मोठे कडक. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "नवस असतो आजारपणाचा, लेकराचा. कवितेचा कसला नवस?"

"कविता झाली नाही तर मी आजारी पडतो," पोएट काका म्हणाले. "तेव्हा हा आजारपणाचाच समजा."

त्या परातीसमोर बसून आम्ही सगळे आधी कविता ऐकायचो आणि मग पोहे खायचो. खरं सांगायचं तर बहुतेक लोक पोह्यांसाठी येत. कविता लांबली की काकी मागून खाकरायच्या. मुंबईहून आणलेल्या खोवणीवर बसून नारळ खोवता खोवता त्या म्हणत, "लोकांचे नवरे दारू पितात, त्याला औषध तरी असतं गो."

पण मलिद्याच्याही आधी एक परीक्षा असे. आमच्या कोपऱ्यावर एका मोरोक्कन माणसाचं किराण्याचं दुकान होतं. काका तिथे जायचे, पावशेर ऑलिव्ह मागायचे, आणि तो वजन करत असताना नवी कविता म्हणायचे. मराठीतून. त्या बिचाऱ्याला एक अक्षर कळायचं नाही. तो ऑलिव्ह टाकत राहिला तर कविता नापास. त्याचा हात तराजूवर मधेच थांबला तर पास. मी म्हटलं, "काका, हा काय प्रकार? ज्याला भाषाच येत नाही तो काय परीक्षा घेणार?" तर म्हणाले, "सूनबाई, तुला भाषा येते, म्हणून तू भिडेने बरी म्हणतेस. त्याला माझी भीड नाही." दुकानदारही पुढे पुढे सराईत झाला. काका दिसले की तराजू पुढे ओढायचा आणि हिब्रूत म्हणायचा, "चल, सुरू कर. आज हात थांबवून दाखव."

असं सगळं मजेत चाललं होतं आणि काकींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

डॉक्टरांनी तारीख दिली त्या दिवशी मी खाली गेले तर काका खुर्चीत बसलेले आणि काकी गव्हाच्या पिठाचा डबा पुसत होत्या. पुसता पुसता, माझ्याकडेही न बघता, त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली. खांबावर केलीत, मांजरीवर केलीत, गच्चीवरच्या बॉयलरवर केलीत. शेजारणीच्या दोरीवर पोराचे लष्कराचे कपडे वाळत होते त्यावर केलीत. रोज दिसतं त्यावरच करायची म्हणता ना? मग मी काय रोज दिसत नाही?"

काकांनी खुर्ची काकींकडे वळवली.

"माझ्यावरचा मलिदा खाऊनच मी ऑपरेशनला जाणार," काकी म्हणाल्या आणि डबा जागेवर ठेवला. काकी हट्ट करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यामुळे हा हट्ट आहे हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला.

काकांनी तिथल्या तिथे उभं राहून नवस बोलला. बायकोवर कविता पुरी झाली की मलिदा करीन. आणि मग ते कामाला लागले. दवाखान्याच्या रांगेत बसले, पोस्टाच्या रांगेत बसले, बसने बेरशेव्याला जाऊन उगाच परत आले. दुकानात ऑलिव्ह घेतले आणि काही न म्हणताच पैसे देऊन निघाले, तेव्हा दुकानदार मला विचारायला आला की तुमच्या कवीला बरं नाही का. घरात काकींच्या मागे मागे फिरायचे. त्या कांदा चिरत असल्या की समोर उभं राहून टक लावून बघायचे. काकींनी सुरी दाखवून त्यांना बाहेर घालवलं. काका जिन्यात माझ्याकडे येऊन बसले. "सूनबाई, दिसतच नाही गो," ते म्हणाले. "समोर आहे आणि दिसत नाही. खांब कसा उभा असतो, बघता येतो. ही उभीच राहत नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मलिदा ठरवला होता. होईल कविता, या भरवशावर काकांनी पोहे भिजवून ठेवले. नारळ त्या दिवशी मी खोवला. काकींना नवी साडी नेसवून खुर्चीत बसवलं. लोक आले, हज्जान काका आले, हन्नाबीचं गाणं झालं. आता कविता, म्हणून सगळे काकांकडे बघायला लागले. काका उभे राहिले. उभेच राहिले.

"झालेली नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही खाऊन घ्या. हिला आज खायला पाहिजे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. फेडायचा नवस आधीच खाऊन टाकायचा, असं आमच्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल. हज्जान काकांचा चेहरा लाल झाला. पण काकींनी हात पुढे केला, परातीतला पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "वेलची जास्त झालीये. घ्या हो सगळे." मग सगळ्यांनी घेतलं. जाताना हज्जान काका दारात थांबून पोएट काकांना म्हणाले, "मलिदा खाल्लात, आता कविता द्यावी लागणार. ती दिल्याशिवाय दुसरा नवस बोलायचा नाही. बोललात तर तो चालायचा नाही."

मी त्या वेळी काकांच्या शेजारी उभी होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला तो माझ्याच लक्षात आला. दुसरा नवस कोणता, हे सांगायची गरज नव्हती. उद्या सकाळी काकींना आत नेणार होते आणि त्यांच्या जिवासाठी नवस बोलायची काकांना परवानगी नव्हती.

सकाळच्या पहिल्या बसने आम्ही तिघं बेरशेव्याला गेलो. त्यांची मुलगी तेल अवीवहून दुपारी पोचणार होती. काका बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत नव्हते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. इस्पितळात काकींना हिरवा झगा घातला, चाकांच्या खाटेवर झोपवलं आणि आम्हाला सांगितलं की थोड्या वेळात नेतील, तोवर बोला. काका खाटेची कड धरून उभे. ओठ हलताहेत आणि आवाज नाही. मला तर रडू येत होतं. काकींनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी घरच्या सूचना द्यायला सुरुवात केली. बॉयलरचं बटण बंद केलं का? नसेल केलं, गेल्या गेल्या करा. खिडकी ओढून घ्या. मांजर येईल तिला काल उरलेलं घाला पण तिखट नको. बोलत होत्या, बोलतच होत्या, अगदी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ओरडून सांगावं तशा. काका एकदम ताठ झाले.

"थांब," ते म्हणाले. "पुन्हा सांग. खिडकीचं पुन्हा सांग."

"खिडकी ओढून घ्या म्हटलं. वाळू ताटात येते."

काकांनी डोळे मिटले आणि हळूहळू, एकेका ओळीवर थांबत म्हटलं:

"बॉयलर बंद करा, पाणी उगाच उकळतंय.
खिडकी ओढून घ्या, वाळू ताटात येते.
मांजरीला तिखट नको, ती रुसते.
दोरीवरची चादर काढा, ऊन तिचा रंग खातं.
चष्मा मोरीत आहे, मला विचारू नका.
जेवून घ्या. माझी वाट बघत बसू नका."

काकी हसायलाच लागल्या. "हे तर माझंच बडबडणं! यात तुमचं काय आहे?"

"माझं कधी काय होतं?" काका म्हणाले. "खांबाची सावली काय माझी होती? बॉयलर गळतोय हे मला कोणी सांगितलं होतं? पायऱ्यांखाली मांजर व्यालीये, हे दवाखान्यातून येऊन मला कोणी सांगितलं? मी वेड्यासारखा रांगेत बसत होतो आणि तू घरात बोलत होतीस."

काकींना उत्तर द्यायचं होतं, पण तेवढ्यात दोन माणसं आली आणि खाट ढकलत घेऊन गेली. दार बंद झालं. काका त्या दाराकडे तोंड करून उभे राहिले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, कविता झाली. तू साक्षी आहेस." आणि मग मोठ्याने, येणारे जाणारे थांबून बघतील इतक्या मोठ्याने, त्यांनी दुसरा नवस बोलला. "एलियाहू हन्नाबी, ही धडधाकट बाहेर आली तर आयुष्यात पुन्हा कविता करणार नाही."

मलिद्याचा नवस सगळेच बोलतात. ज्याच्यावर आपण जगतो तेच देऊन टाकायचा नवस बोलताना मी तरी दुसरं कोणी पाहिलं नाही.

काकी बाहेर आल्या. धडधाकट यायला थोडे महिने लागले, पण आल्या. पुन्हा जिना चढायला लागल्या, पुन्हा दारात उभं राहून माझ्या स्वयंपाकाच्या वासावरून सूचना द्यायला लागल्या. आणि काका गप्प झाले. दवाखान्यात जाणं बंद. बसस्टॉपवर बस आली की निमूट चढायचे. कारखान्यात फोरमन खूश, कारण फक्त फुटक्या बाटल्या बाजूला पडत होत्या. दुकानात ते भाजी मागायचे, ऑलिव्हचं नाव नाही. चांगला माणूस, पण कोणीही असावा असा. मला ते बघवेना. काकींनी मला विचारलं की यांना काय झालंय, तेव्हा मी इस्पितळातलं सगळं सरळ सांगून टाकलं.

काकी एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "माझ्या जिवाच्या बदल्यात? मला विचारलं कोणी? आता जन्मभर यांचं बंद तोंड बघत मी जगायचं?" नुकत्याच आजारातून उठलेल्या त्या बाईने पायात चपला घातल्या आणि मला बरोबर घेऊन थेट हज्जान काकांचं घर गाठलं. पोएट काकांनाही तिथे बोलावून घेतलं.

"पहिला नवस पुरा नसताना बोललेला दुसरा चालत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?" काकींनी विचारलं.

"म्हणालो."

"मग यांचा दुसरा चालत नाही. माझी कविता पुरी झालेली नाही. तिला शेवट नाहीये."

"हे कोण ठरवणार?" हज्जान काका म्हणाले. "तुम्ही?"

"ज्यांनी केली त्यांनाच विचारा."

हज्जान काका पोएट काकांकडे वळले. खोटं बोलायचं नाही अशी आधी ताकीद दिली आणि विचारलं, कविता पुरी आहे की नाही. 'पुरी आहे' म्हणाले तर संपलंच सगळं. आणि त्यांना तसंच म्हणायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. नवस मोडायची त्यांना भीती वाटत होती, नवसावरच बायको परत मिळाली अशी त्यांची खात्री होती. पण प्रश्न कवितेबद्दल होता. काकांनी ओठांतल्या ओठांत ती एकदा म्हणून पाहिली. मग चोरी पकडल्यासारख्या आवाजात म्हणाले, "शेवट जरा घाईत झाला हे खरं आहे."

"मग जा आणि पुरी करा. ती पुरी झाली की दुसरा नवस लागू होईल," हज्जान काका म्हणाले. दाराशी त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई मोठी वकील आहे. कोणाकडे शिकली?"

पुढच्याच शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी, काका नवी ओळ घेऊन आले. मी तिथेच होते. काकी तळण काढत होत्या. काकांनी दारात उभं राहून सगळी कविता म्हटली आणि शेवटी ती ओळ जोडली. मला वाटलं, झालं, हीच. काकींनी झारा निथळला, पाठ न वळवता म्हणाल्या, "छे. ही काय ओळ झाली? हे तर तुम्ही रोजच म्हणता." काका हिरमुसले नाहीत. उलट डोळ्यांत पूर्वीची चमक आली. दुसऱ्या दिवशी शब्बाथ म्हणून सगळं बंद, पण तिसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात चिठ्ठी घेऊन हजर.

त्यानंतर किती ओळी आल्या त्याची गणती नाही. कधी तेल अवीवला मुलीकडे जाताना गाडीत सापडलेली, कधी पोस्टातल्या बाईचं बोलणं, कधी नातवाने मराठीत विचारलेल्याला हिब्रूत दिलेलं उत्तर. दुकानदाराचा हात पुन्हा तराजूवर थांबायला लागला. त्यातल्या कितीतरी ओळी एकेकटीच कविता म्हणून उभ्या राहतील अशा होत्या. काकी प्रत्येक ऐकायच्या, नीट विचार केल्यासारखं करायच्या आणि मान हलवायच्या. "जवळ आलात. पण नाही." कारखान्यातून निवृत्त झाले तरी काका त्या ओळीवरून निवृत्त झाले नाहीत. मलिदे बंद झाले म्हणून शेजारी कुरकुरायचे. पहिला नवस मोकळा होईपर्यंत नवा बोलता येत नव्हता, त्याला ते तरी काय करणार? मी एकदा काकांना विचारलं, "कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "सूनबाई, परीक्षक कडक आहे म्हणून तर अभ्यास होतो."

काका गेले ते दुपारी जेवून पडले असताना. कोणाला काही त्रास दिला नाही. सकाळीच एक ओळ नापास करून घेतली होती.

महिन्याचा शोक उलटल्यावर काकींनी मला खाली बोलावलं. पोहे भिजत होते. खोवणी जमिनीवर काढून ठेवली होती आणि त्या स्वतः नारळ खोवत होत्या. मी घेऊ लागले तर हात बाजूला सारला. संध्याकाळच्या आत सगळे जमले. हज्जान काका आता काठी घेऊन चालत होते. ते म्हणाले, "हा मलिदा तर केव्हाच झालाय."

"तो नुसताच खाल्ला होता," काकी म्हणाल्या. "आज कवितेबरोबर खाऊ. पुरी झाली."

गाणं झालं. कोपऱ्यावरचा दुकानदारही आला होता, भिंतीला टेकून बसला होता. त्याला आपली रीत माहीत नव्हती, त्यामुळे त्याने आधीच मूठभर पोहे उचलले होते. काकी परातीसमोर उभ्या राहिल्या. बॉयलर बंद करा, त्यांनी सुरुवात केली. खिडकी, मांजर, चादर, चष्मा. स्वतःचंच बोलणं, पण त्यांनी ते काकांच्या लयीत म्हटलं, ओळीओळीवर थांबत. जेवून घ्या. माझी वाट बघत बसू नका. मग शेवटची ओळ म्हणाल्या.

"ऐकलं गो, सगळं ऐकलं."

दुकानदाराचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. पाठोपाठ काकी रिकामी वाटी घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकी, ही तर त्यांनी पहिल्याच शुक्रवारी आणलेली ओळ. तुम्ही तळण काढत होतात. तुम्हीच नको म्हणालात."

"हो," काकी म्हणाल्या. वाटी त्यांनी नळाखाली धरली. "त्याच दिवशी आवडली होती. पण तेव्हा पुरी म्हटली असती तर नवस लागू झाला असता गो. हे त्याच दिवशी गप्प झाले असते. आता म्हणायला हरकत नाही."